पैसे गेले नसले तरी गुन्हा नोंदवा

मा. गृहमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,

माझी धाकटी जाऊ येवल्याच्या विणकरांकडून पैठण्या घेते आणि सोशल मीडियावरच्या अकाउंटवरून विकते. नेहमीच्या एका गिऱ्हाइकाच्या नावाने तिला मेसेज आला: ‘ताई, स्पर्धेत मला मत द्या, तुम्हाला कोड येईल तो पाठवा.’ त्या बाईंचं अकाउंट आधीच चोराच्या हातात गेलं होतं. कोड पोचताच त्याने जावेचा ईमेल आणि मोबाइल नंबर बदलला, वर स्वतःचं टू-स्टेप व्हेरिफिकेशन लावलं. म्हणजे आता पासवर्ड बदलायला गेलं तरी कोड जाणार त्यालाच. संध्याकाळपर्यंत तिच्या फोटोसकट स्टोरी झळकली: ‘20 हजार गुंतवले, 2 लाख मिळाले, तुम्हीही विचारा.’ तिच्यावर विश्वास ठेवून दोघींनी पैसे पाठवले.

पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न आला, ‘तुमचे पैसे गेले का?’ तिचे गेले नव्हते. ‘मग अर्ज द्या, पोच घेऊन जा.’ एफआयआर झाला नाही.

साहेब, माझी तक्रार या प्रश्नाबद्दल आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 66क प्रमाणे दुसऱ्याचा पासवर्ड किंवा ओळख लबाडीने वापरणं हाच गुन्हा आहे. 3 वर्षांपर्यंत कैद आणि 1 लाखापर्यंत दंड. दुसऱ्याचं सोंग घेऊन फसवलं तर 66ड. दोन्ही दखलपात्र, म्हणजे पोलिसांनी थेट नोंदवायचे गुन्हे. पैसे गेलेच पाहिजेत अशी अट 66क मध्ये कुठेही नाही. ठाण्यांची अडचणही मला दिसते. या कायद्याखालचा तपास निरीक्षक किंवा त्याहून वरच्या अधिकाऱ्यानेच करायचा असतो, आणि ठाण्यात निरीक्षक असतात किती? पण मनुष्यबळ कमी म्हणून गुन्हाच नोंदवायचा नाही, हे आम्ही कसं मान्य करावं?

पैशांच्या फसवणुकीसाठी 1930 ही हेल्पलाइन आहे. वेळेत फोन केला तर बँक रक्कम रोखू शकते, आणि त्याने खरोखर लोकांचे पैसे वाचतात. अकाउंट चोरीला गेलं तर असा तातडीचा दरवाजा नाही. नॅशनल सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार नोंदवता येते, पण तेवढ्यात चोर पुढच्या दहा जणींना तोच मेसेज पाठवून मोकळा होतो.

कंपनीकडे जावं तर तिथे व्हिडिओ सेल्फी मागतात. अकाउंटवरच्या फोटोंशी चेहरा जुळला की मालकी पटते. जावेच्या अकाउंटवर मोर, नारळी काठ, मुनियाचे पदर, पण तिचा चेहरा जवळजवळ नाहीच. जो आहे तो चोराने टाकलेल्या स्टोरीत. घरगुती व्यवसाय करणाऱ्या कितीतरी बायकांची हीच गत असणार. उलट ठाण्यातला अंमलदार तिचा जुना फोन, अकाउंट उघडतानाचा ईमेल, कुरिअरच्या पावत्या आणि ओळखपत्र समोर ठेवून मालकी कोणाची हे तासाभरात सांगू शकतो.

2021 च्या केंद्राच्या नियमांनुसार 50 लाखांहून अधिक वापरकर्ते असलेल्या कंपन्यांना पोलिसांशी समन्वयासाठी 24 तास उपलब्ध असणारा नोडल अधिकारी नेमावाच लागतो. हा माणूस सामान्य नागरिकाला भेटत नाही, पोलिसांना भेटतो. म्हणून आपण असा आदेश काढावा: अकाउंट हॅक झाल्याची तक्रार आली की ठाण्याने 66क खाली गुन्हा नोंदवावा, मालकीचे पुरावे महाराष्ट्र सायबर या राज्याच्या सायबर गुन्हे यंत्रणेकडे पाठवावेत आणि तिथून त्याच दिवशी कंपनीच्या नोडल अधिकाऱ्याकडे अकाउंट गोठवण्याची मागणी जावी. परत मिळायला वेळ लागला तर लागू दे. आधी ते चोराच्या हातून निसटलं पाहिजे.

आणखी एक. अशी अकाउंट हॅक होताना जुन्या ईमेलवर बहुतेकदा ‘तुमचा ईमेल बदलला आहे’ असा कंपनीचा मेल येतो, आणि त्यातल्या लिंकवरून बदल मागे घेता येतो. घाबरलेल्या माणसाला हे सुचत नाही. ठाण्यात तक्रार घेणाऱ्याने सगळ्यात आधी तो मेल शोधायला सांगावा, मग लिहून घ्यायला बसावं.

कळावे.

आपली,
एक नागरिक