आधारगट बचत गटाला जोडू नका

संपादक महोदय,

घरात मार सोसणाऱ्या बायकांसाठी सातारा जिल्ह्यात गावोगावी आधारगट हवेत. मात्र ते बचत गटाच्या बैठकीलाच जोडायची घाई नको. तिथे जाऊ, नणंद किंवा चुलतसासू बसलेली असतेच. दुपारी बोललेले संध्याकाळी घरी पोहोचते आणि मार वाढतो.

आठ-दहा जणी, दीड तास, आणि शक्यतो तालुक्याच्या गावी आठवडा बाजाराच्या दिवशी. म्हणजे घरून निघताना वेगळे कारण सांगावे लागत नाही. व्हॉट्सअॅप ग्रुप काढू नये, बैठकीचे फोटो तर नकोतच. कित्येकींचा फोन नवराच चाळतो. पुढची तारीख तोंडी सांगावी.

नव्या बाईशी आधी एकटीशी बोलावे. तिचा गळा दाबला होता का, हे स्पष्ट विचारावे. तसे असेल तर वरून वळ दिसत नसला तरी त्याच दिवशी तिला सरकारी दवाखान्यात न्यावे. तिच्या जिवाला मोठा धोका असतो.

समेट घडवणे हे गटाचे काम नव्हे. एकीच्या नवऱ्याला बैठकीला बोलावले की बाकीच्या कायमच्या गप्प होतात. कायद्यासाठी संरक्षण अधिकाऱ्यांकडे, म्हणजे घरगुती हिंसाचाराच्या कायद्याखाली नेमलेल्या सरकारी अधिकाऱ्यांकडे, पाठवावे. २००५ च्या या कायद्यानुसार अर्ज केल्यावर दंडाधिकाऱ्यांपुढे पहिली तारीख साधारण ३ दिवसांत लागायला हवी. उत्पन्न कितीही असो, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून बाईला मोफत वकील मिळतो. अर्जात पोटगी सगळ्याच लिहितात, राहत्या घरातून न काढण्याचा आदेश मागायचा राहून जातो. तो पहिल्याच अर्जात मागावा. रात्री-अपरात्री महिला हेल्पलाइन १८१ किंवा आपत्कालीन ११२ वर फोन करावा.

– आधारगट चालवणाऱ्या कार्यकर्त्या, कराड