युटिलिटी, ग्रूव्ह आणि बाकी बिनआवाजी मंडळी : ताईंना आभारपत्र

प्रिय ताई,

हे पत्र फक्त तुम्हालाही पाठवता आलं असतं. पण तुम्ही मला जे दाखवलंत ते लॅपटॉपवर संगीत करणाऱ्या आणखी कितीतरी जणांच्या उपयोगी पडेल, म्हणून सगळ्यांना वाचता येईल असं लिहितोय. नाव छापायचं नाही, असं तुम्ही बजावलंय. नाही छापत. आभार मात्र मोठ्यानं मानणार.

एबल्टन लाइव्ह या संगीत करायच्या सॉफ्टवेअरमधलं तुझं सगळ्यात आवडतं डिव्हाइस, म्हणजे आवाजावर काम करणारं साधन, कोणतं, असं कुणी विचारलं तर मी ‘युटिलिटी’ म्हणतो. समोरचा आधी गोंधळतो, मग हसतो. त्याला ऑपरेटर, वेव्हटेबल असे लाइव्हमधले सिंथ (सॉफ्टवेअरमधली वाद्यं), नाहीतर एखाद्या विकतच्या सिंथचं नाव अपेक्षित असतं. युटिलिटीत आहे काय? गेनचा एक नॉब, स्टिरिओची रुंदी, मोनोचं बटण आणि डाव्या-उजव्या चॅनेलची फेज उलटी करणारी, म्हणजे ध्वनिलहर वरची खाली करणारी, दोन बटणं. तिला स्वतःचा आवाज नाही. ही आवड मला तुमच्यामुळे लागली, आणि ती कशी लागली हे सांगितल्याशिवाय आभार अर्धवट राहतील.

मी तुम्हाला प्रोजेक्ट पाठवायचं म्हटलं तेव्हा तुमची पहिली सूचना आली, ‘आधी कलेक्ट ऑल अँड सेव्ह कर, नाहीतर माझ्याकडे निम्मे सॅम्पल हरवलेले दिसतील.’ ही कमांड सगळ्या ऑडिओ फाइली प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये एकत्र आणते. फाइल परत आली तेव्हा तुम्ही त्यातलं काहीही पुसलेलं नव्हतं. काही डिव्हाइस बंद केले होते आणि प्रत्येकावर राइट-क्लिक करून ‘एडिट इन्फो टेक्स्ट’मध्ये चिठ्ठी लिहिली होती. माउस नेला की खाली कोपऱ्यातल्या इन्फो व्ह्यूमध्ये तुमचं वाक्य दिसायचं. लाइव्हमध्ये अशी चिठ्ठी ठेवता येते हेच मुळात फार थोड्यांना ठाऊक असतं. दुसऱ्याचं मिक्स (सगळ्या ट्रॅकची एकत्र जुळणी) दुरुस्त करून देणारे पुष्कळ भेटतात. तुम्ही माझं मिक्स माझ्याच हातात ठेवलंत, हे मला फार मोलाचं वाटतं.

गाण्याच्या ट्रॅकवरच्या कॉम्प्रेसरवर (मोठे आवाज दाबणाऱ्या डिव्हाइसवर) लिहिलं होतं, ‘याच्या पुढे युटिलिटी लाव. कॉम्प्रेसर चालू आणि बंद, दोन्ही वेळा आवाजाची पातळी सारखी कर. मग ऐक.’ बस, एवढंच. पण त्यामागचं कारण जुनं आणि पक्कं आहे. बेल लॅब्जमधल्या फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ साली दाखवलं होतं, की आपला कान सगळ्या फ्रिक्वेन्सी सारख्या ऐकत नाही. आवाज हळू असेल तर खर्ज बराच दबतो, वरचं टोकही थोडं बोथट होतं. आवाज वाढला की दोन्ही भरून येतात. म्हणजे नुसता एक-दोन डेसिबलचा फरक पडला तरी तेच मिक्स जास्त भरीव आणि उजळ वाटतं, आणि श्रेय जातं नव्या प्लगइनला, म्हणजे सॉफ्टवेअरला जोडलेल्या नव्या साधनाला. कॉम्प्रेसरचं ‘मेकअप’ (दाबलेली पातळी पुन्हा भरून काढणारं बटण) चालू असेल तर ही फसगत आपोआप होते. तुमच्या चिठ्ठीप्रमाणे पातळी जुळवली आणि ऐकलं. शब्दांची सुरुवात कॉम्प्रेसर बंद असतानाच जास्त स्पष्ट होती. अटॅक (कॉम्प्रेसर दाबायला जो वेळ घेतो तो) इतका कमी होता की ‘क’, ‘ट’, ‘प’ यांच्या कडा दाबल्या जात होत्या. अटॅक तीस मिलिसेकंदांपर्यंत नेल्यावर व्यंजनं परत आली आणि मागचा स्वर तेवढा सावरला गेला.

फेजच्या बटणांचा उपयोग तर याहून मजेशीर आहे. एकाच ऑडिओच्या दोन प्रती दोन ट्रॅकवर ठेवायच्या, एकीची फेज उलटी करायची आणि दोन्ही एकत्र वाजवायच्या. दोन्ही तंतोतंत सारख्या असतील तर काहीच ऐकू येत नाही. फरक असेल तर तेवढा फरकच ऐकू येतो. याला नल टेस्ट म्हणतात. तुम्ही मला मूळ वेव्ह फाइल आणि तिचीच एमपीथ्री अशा दोन्ही समोरासमोर लावायला सांगितल्या. एमपीथ्रीच्या सुरुवातीला एन्कोडर थोडी शांतता घालतो, म्हणून वार्प (क्लिप टेम्पोनुसार ताणायची सोय) बंद करून दोन्ही क्लिप सॅम्पलपर्यंत, म्हणजे डिजिटल आवाजाच्या सगळ्यात लहान तुकड्यापर्यंत, जुळवाव्या लागल्या. जुळल्यावर जे उरलं ते ऐकून मी चकित झालो. हायहॅटची (ड्रम्समधल्या झांजांच्या जोडीची) फसफस, रिव्हर्बची म्हणजे घुमाऱ्याची शेपटं, गायिकेच्या श्वासाची कड. एमपीथ्रीत काय गळतं यावर लोक तासन्‌तास वाद घालतात. ते असं वेगळं काढून ऐकता येतं, हे कळल्यावर त्या वादांतला माझा रस संपला.

हीच युक्ती प्लगइनवरही चालते. दोन ईक्यू (निरनिराळ्या फ्रिक्वेन्सी कमी-जास्त करणारे प्लगइन) सारख्याच सेटिंगला लावून एकमेकांपासून वजा केले आणि काहीच उरलं नाही, तर महागडा कशासाठी घ्यायचा? (सगळ्याच प्लगइनना हे लागू नाही. ज्यांत सॅच्युरेशन, म्हणजे मुद्दाम आणलेली हलकी विकृती, असतं त्यांच्यात काहीतरी उरणारच.)

आता ग्रूव्हबद्दल, म्हणजे ठोके किती मागे-पुढे पडतात त्याच्या साच्याबद्दल. इथे मला जरा रेंगाळायचं आहे, कारण माझ्या कामात सगळ्यात मोठा बदल इथे झाला.

क्वांटाइझ केलं की ठोके ग्रिडवर, म्हणजे नेमक्या समान अंतरांवर, बसतात आणि लय मात्र उठून जाते, हे सगळ्यांनी अनुभवलेलं असतं. त्यावर सहसा ‘थोडं रँडम कर’ असा उपाय सांगितला जातो. तुम्ही तो साफ उडवून लावलात. चांगला वादक रँडम वाजवत नाही, तो ठरावीक जागी ठरावीक इतकं मागे-पुढे होतो, असं तुमचं म्हणणं. मग तुम्ही मला स्विंगचा आकडा वाचायला शिकवलंत. रॉजर लिन यांनी आपल्या ड्रम मशीनमध्ये तो आणला आणि १९८८ च्या एमपीसी सिक्स्टी या यंत्रामुळे तो सगळीकडे पोचला. त्याची रीत सोपी आहे. सोळांशाच्या दोन ठोक्यांची जोडी धरायची आणि त्यातल्या पहिल्या ठोक्याला जोडीच्या वेळेपैकी किती टक्के द्यायचे ते ठरवायचं. ५० टक्के म्हणजे सरळ. ६६ च्या आसपास गेलं की तिस्र अंगाची डुलकी. शंभर बीपीएमला (मिनिटाला शंभर मात्रांना) एक जोडी ३०० मिलिसेकंदांची होते. स्विंग ५४ ठेवला तर दुसरा ठोका १५० ऐवजी १६२ व्या मिलिसेकंदाला पडतो. बारा मिलिसेकंद! एवढ्यानं ताल ‘स्विंग’ झालाय असं कुणाला वाटणारही नाही, पण हायहॅटचा ताठरपणा जातो.

लाइव्हच्या लायब्ररीत एमपीसीचे स्विंग ग्रूव्ह म्हणून दिलेलेच आहेत. तुम्ही मात्र स्वतःच्या टाळ्यांचं एक रेकॉर्डिंग पाठवलंत आणि त्या क्लिपवर ‘एक्स्ट्रॅक्ट ग्रूव्ह’ करायला सांगितलंत. ते ग्रूव्ह पूलमध्ये आलं, हायहॅटच्या क्लिपला लावलं, टायमिंगची पट्टी साठ टक्क्यांवर ठेवली, व्हेलॉसिटी (ठोक्याचा जोर) तीसवर. किक (पायाचा मोठा ड्रम) आणि स्नेअर (मुख्य ठोक्याचा ड्रम) यांना लावलं नाही, ते ग्रिडवरच. वेव्हफॉर्म मोठं करून बघितलं तर तुमची दर चौथी टाळी किंचित लवकर पडत होती, आणि तेवढीच ओढ माझ्या हायहॅटमध्ये उतरली होती. तुमच्या हातची लय माझ्या गाण्यात आहे आणि ऐकणाऱ्याला त्याचा पत्ता नाही. याचे आभार कसे मानायचे असतात ते मला खरंच ठाऊक नाही.

हायहॅटचा विषय निघालाच आहे तर ड्रम रॅकमधल्या चोक ग्रुपचंही सांगतो. खऱ्या हायहॅटच्या झांजा पायानं मिटल्या की उघडा आवाज तिथेच तुटतो. प्रोग्रॅम केलेल्या ड्रम्समध्ये उघडा हायहॅट बंद हायहॅटवरून तसाच वाहत राहतो आणि मग दोन ड्रमर बसल्यासारखं वाटतं. दोन्ही पॅडना एकच चोक नंबर दिला की काम झालं. दहा सेकंदांची गोष्ट, पण कुणी दाखवल्याशिवाय दिसत नाही.

बेस आणि किकच्या भांडणात मी साइडचेन लावून ठेवला होता, कारण सगळे लावतात. किक वाजली की बेसवरचा कॉम्प्रेसर बेसला दाबतो, जागा मोकळी होते, हे बरोबरच आहे. तुमची चिठ्ठी होती, ‘हा बंद कर आणि आधी बेसची नोट किक सुरू व्हायच्या आत संपव.’ मिडी क्लिपमध्ये (जिथे नोटांच्या नोंदी असतात) नोटांची शेपटं जराशी कापली, एवढंच. माझ्या बेसचा मुख्य सूर खालचा ए, म्हणजे ५५ हर्ट्झ, आणि किकचा जोरही नेमका तिथेच. मग सिम्प्लर या सॅम्पल वाजवणाऱ्या डिव्हाइसमध्ये किक दोन सेमीटोन खाली नेली. ती ४९ हर्ट्झच्या आसपास बसली आणि दोघांना आपापली खोली मिळाली. साइडचेन शेवटी थोडासा परत लावलाच, पण दोन डेसिबलपुरता. आधी तो जवळजवळ आठ डेसिबल खात होता आणि सगळं गाणं धापा टाकत होतं.

कॅप्चरचे आभार तुमचे मानावेत की एबल्टनवाल्यांचे, कळत नाही. २०१८ च्या लाइव्ह १० मध्ये ते आलं. रेकॉर्डचं बटण न दाबता तुम्ही कीबोर्डवर जे काही वाजवत बसला होतात ते मागून उचलता येतं, फक्त ट्रॅक आर्म केलेला (रेकॉर्डिंगला सज्ज) किंवा त्याचं मॉनिटरिंग चालू हवं. क्युबेस आणि लॉजिक या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ही सोय वेगळ्या नावानं आधीपासून होती, पण लाइव्ह रिकाम्या सेटमध्ये वाजवण्यावरून टेम्पोही ओळखतं आणि लूपही ठरवतं. लाल दिवा लागला की बोटं आखडतात. तुम्ही सांगितलंत, की रेकॉर्ड करायचंच नाही, नुसतं वाजवायचं आणि काही चांगलं निघालं तर मागाहून कॅप्चर दाबायचं. माझ्या अलीकडच्या बहुतेक चाली अशाच आल्यात.

बाकीचं भराभर. स्पेक्ट्रम (फ्रिक्वेन्सींचा आलेख दाखवणारं डिव्हाइस) तुमच्यामुळे मास्टरवरून, म्हणजे सगळं एकत्र येतं त्या शेवटच्या ट्रॅकवरून, काढून टाकला, आता शंका आली तरच लावतो. मॅक्स फॉर लाइव्हमधला एलएफओ (नॉब संथपणे मागे-पुढे हलवणारं डिव्हाइस) एखाद्या फिल्टरला जोडून अगदी कमी मात्रेत हलवत ठेवायचा, हेही तुमचंच. हायब्रिड रिव्हर्बमध्ये स्वतःचा इम्पल्स रिस्पॉन्स (एखाद्या जागेच्या घुमाऱ्याचा नमुना) टाकता येतो, म्हणून जिन्यात फुगा फोडून रेकॉर्ड केलं. त्या जिन्यातला घुमारा आता माझ्या प्रत्येक स्नेअरवर थोडा थोडा असतो. आणि फ्रीझ. माझा लॅपटॉप जुना आहे, तेव्हा ट्रॅक फ्रीझ करून (तात्पुरता ऑडिओत बदलून) सीपीयू मोकळा करणं ही माझ्यासाठी चैन नव्हे, गरज आहे. तुम्ही पुढे जाऊन ‘फ्लॅटन’ही करून टाक (ट्रॅक कायमचा ऑडिओ करून टाक) म्हणालात, म्हणजे पुन्हा सिंथ उघडून खुडबुड करायला वावच नको. ते ऐकलं आणि गाणी पूर्ण व्हायला लागली.

हे सगळं लाइव्हपुरतं नाही, हेही तुम्हीच ठासून सांगितलं होतंत. गेन, मोनो आणि फेज उलटी करायची सोय रीपर, क्युबेस, लॉजिक, एफएल स्टुडिओ, सगळीकडे कुठल्या ना कुठल्या रूपात असते. त्यासाठी सॉफ्टवेअर बदलायची गरज नाही. नवं काही विकत घेऊ का, असं मी विचारलं की तुम्ही दरवेळी उलट विचारायचात, ‘आहे त्यातलं काय काय उघडून पाहिलंस?’ माझे किती पैसे वाचले याचा हिशेब मी घरच्यांपासून लपवून ठेवलाय, कारण त्यांना वाटेल मी ते खरोखरच खर्च करणार होतो. करणार होतोच.

एका बाबतीत मात्र मी अजून तुमच्याशी सहमत नाही. वार्पच्या मोडमध्ये तुम्हाला री-पिच सोडून काही चालत नाही. टेपचा वेग वाढवावा तसा टेम्पोबरोबर सूरही चढतो, आवाजाचा पोत मात्र अस्सल राहतो, हे मान्य. ड्रम लूपसाठी मीही आता तोच वापरतो. पण गाण्याच्या ट्रॅकला ८४ वरून ९२ बीपीएमवर नेलं की री-पिचमध्ये सूर सुमारे दीड सेमीटोन चढतो आणि गाणारी अचानक वयानं लहान वाटायला लागते. तिथे मी कॉम्प्लेक्स प्रो (सूर न बदलता वेग बदलणारा मोड) घेतो, फॉर्मंट आणि एन्व्हलप थोडे हलवतो, आणि ‘स’चा उच्चार जरासा भुरकट होतो तो सोसतो. तुम्ही म्हणाल, मग तिलाच नव्या टेम्पोला पुन्हा गायला लाव. ती तयार आहे, पण पहिल्या टेकमधला तो एक हुंकार पुन्हा येईल याची तिलाही खात्री नाही. तेव्हा दोन्ही मोडमधल्या फाइली, कलेक्ट ऑल अँड सेव्ह करून, या आठवड्यात पाठवतो. ऐकून सांगा.

तुमचा,
हायहॅटवाला