मागच्या एक्सलबद्दल, काकांना

तीर्थस्वरूप काकांस,
सा. न. वि. वि.

तुम्ही आणि काकू कायमचे पुण्याला परत निघालात त्या दिवशी डेट्रॉइटच्या विमानतळावर बॅगांच्या वजनावरून जो गोंधळ झाला, त्यात मला नीट बोलताच आलं नाही. आणि तोंडावर आभार मानले असते तर "पुरे गं, चहा टाक" म्हणून तुम्ही विषय बदलला असतात. म्हणून लिहितेय, आणि चारचौघांत लिहितेय. तुम्हीच म्हणाला होतात ना, एवढं शिकलीस तर कुठेतरी लिहून ठेव, दुसऱ्या कुणाचे पैसे वाचतील.

सुरुवात मोडतोडीनेच झाली. ड्रमंड आयलंड म्हणजे ह्यूरॉन सरोवरातलं बेट, डीटूर गावातून गाडीसकट फेरीने जायचं. तिथे मार्बलहेडजवळ चुनखडीच्या नैसर्गिक पायऱ्या आहेत. माझी १९९९ ची जीप चेरोकी, खडकांवर चढवायला साडेचार इंच उचललेली, खाली ३३ इंची टायर, मागे लॉकर, म्हणजे दोन्ही चाकं एकत्र फिरवणारी जोडणी. दुसऱ्या पायरीवर मागचं उजवं चाक फटीत रुतलं. मी पाय काढला नाही. सुतळी बॉम्ब फुटावा तसा आवाज आला आणि इंजिन नुसतंच ओरडायला लागलं. उतरून बघते तर चाक ड्रमसकट चार बोटं बाहेर आलेलं. या मागच्या एक्सलमध्ये, म्हणजे दोन चाकांमधल्या आडव्या भागात, चाक फिरवणाऱ्या शाफ्टला आत धरून ठेवायला एक सी-क्लिप असते, डिफरन्शियलच्या (मधल्या दातेरी चाकांच्या डब्याच्या) पोटात, शाफ्टच्या आतल्या टोकाशी. शाफ्ट त्या क्लिपच्या बाहेर कुठेही तुटला की उरलेला तुकडा चाकासकट बाहेर पडायला मोकळा. हे ज्ञान मला तिथे, चिखलात गुडघे टेकून झालं. घरापर्यंतचे साडेतीनशे मैल ट्रेलरवर गेले.

पुढच्या रविवारी मी तुमच्याकडे आले ती खरं तर काकूंचे डबे परत करायला. तुम्ही गाडीबद्दल विचारलंत आणि मी तावातावाने सांगायला लागले, की आता डेना ६० बसवते, ट्रकचा एक्सल, कधी मोडायचाच नाही. पिंपरीत आणि मग इथे मिशिगनमध्ये मिळून अख्खं आयुष्य एक्सलमध्ये घालवलेला माणूस माझ्यासमोर बसलाय याचा मला पत्ताच नव्हता! गणपतीच्या आरतीला टाळ वाजवणारे काका, एवढीच ओळख. तुम्ही सगळं ऐकून घेतलंत आणि एवढंच विचारलंत, "तुटलेला तुकडा आहे का?"

होता. गाडीतच पडला होता. तुम्ही तो पेपरवर ठेवला, पंचांग वाचायचं भिंग आणलंत आणि तुटलेला तोंडवळा मला दाखवलात. एका बाजूला चंद्रकोरीएवढा भाग काळपट, गुळगुळीत, त्यात शिंपल्यावर असतात तशा बारीक रेषा. बाकीचा भाग खडीसाखरेसारखा चमकणारा, दाणेदार. "हे चमकतंय ते परवा तुटलं," तुम्ही म्हणालात. "ही कोर मात्र जुनी आहे, आत गंज पोचलाय. तुझा शाफ्ट बरेच महिने मोडत होता, तुला ऐकू आलं ते शेवटचं." मग त्या काळ्या कोरीवर नख ठेवून म्हणालात, "ड्रमंडच्या पायरीला दोष देऊ नकोस." कारखान्यालाही देऊ नकोस, हे तुम्ही वेगळं बोलला नाहीत, पण पुढचा तासभर तेच पटवलंत.

काका, तो हिशेब मी अजून जपून ठेवलाय, सत्यनारायणाच्या आमंत्रणाच्या पाकिटावर लिहिलेला. इंजिनाचा टॉर्क, म्हणजे पिळाचा जोर, २२५ पाऊंड-फूट. पहिला गियर २.८०, ट्रान्सफर केसचा (पुढच्या-मागच्या एक्सलना जोर वाटणारा डबा) लो २.७२, मागच्या एक्सलचं गियर गुणोत्तर ३.५५. गुणाकार केला की सहा हजारांच्या वर जातो, आणि टॉर्क कन्व्हर्टर भर घालतो ती वेगळीच. "हे सगळं एका शाफ्टवर कधी येत नाही, त्याआधी टायर घसरतो," तुम्ही म्हणालात. "पण तू काय केलंस? टायर मोठा घेतलास, तो घसरेना. लॉकर लावलास, त्याने जिथे पकड तिथे सगळा जोर लोटला. आणि चाक फटीत घातलंस." गाडी टोलेडोच्या कारखान्यातून निघाली तेव्हा तिच्या पायात सव्वाअठ्ठावीस इंची टायर होते. त्या टायरला तो एक्सल पुरत होता. मी हत्तीचे पाय लावले आणि गुडघे शेळीचेच ठेवले. (ही उपमा तुमचीच. मला तेव्हा राग आला होता.)

मग डेना ६० चं भूत उतरवलंत. आतलं मोठं दातेरी चाक, क्राउन, पावणेदहा इंचाचं, म्हणजे मधला भोपळा मोठा आणि तोच दगडाला आधी टेकणार. चाकाला आठ बोल्ट, माझ्या पुढच्या चाकांना पाच. म्हणजे पुढचा एक्सलही बदला, किंवा दोन जातीच्या स्टेपन्या बाळगा. वजन तर विचारूच नका, आणि चेरोकीला वेगळी चॅसिस नाही, पत्र्याचीच काया. पण खरा प्रश्न तुम्ही नंतर विचारलात, आणि हे पत्र मुळात त्या प्रश्नासाठी आहे: "हा मोडला नाही, तर मग काय मोडेल?" मी गप्प. "जोर कुठेतरी जाणारच. शाफ्ट नाही तुटला तर एक्सलला जोर आणणारा प्रोपेलर शाफ्ट, तो नाही तर ट्रान्सफर केस. मोडायचंच असेल तर कुठे मोडावं ते तू ठरव. जंगलात अर्ध्या तासात बदलता येईल असं काहीतरी."

तोवर मी ज्याला ज्याला विचारलं होतं, त्याने त्याने सर्वांत मजबूत काय ते सांगितलं होतं. कुठे मोडू द्यायचं हे कुणीच बोललं नव्हतं.

मग पर्याय. १९९७ नंतरच्या चेरोकीत येणारा क्रायस्लरचा सव्वाआठ इंची, शाफ्टच्या टोकाला २९ दाते असलेला: थेट बसतो, वेल्डिंग नाही. "एकतीस इंची टायरवर येतेस का? मग हाच घे आणि उरलेल्या पैशात भारतात जाऊन ये," असं तुम्ही दोनदा म्हणालात. मी नाही म्हटलं. हट्ट माझा होता, हे इथे कबूल करते. ज्यांचे टायर एकतीसच्या आत आहेत त्यांनी हे पत्र इथेच सोडून तो एक्सल शोधायला जावं. डेना ४४ उत्तम, पण चेरोकीत तो ऐंशीच्या दशकाच्या शेवटी थोड्याच गाड्यांत आला, टोइंग पॅकेजबरोबर. जो विकतो तो सोन्याच्या भावाने.

राहिला फोर्डचा ८.८. १९९५ ते २००१ च्या एक्सप्लोरर गाडीखालचा. दाते ३१, शाफ्टची जाडी साडेतेहतीस मिलिमीटर. माझ्या मोडलेल्याची तीस. मी म्हटलं, साडेतीन मिलिमीटरने काय होतंय? तुम्ही पाकीट उलटं केलंत. पिळाला तोंड द्यायची ताकद जाडीच्या घनात वाढते. साडेतीन मिलिमीटर म्हणजे चाळीस टक्के जास्त. डिस्क ब्रेक आयते. चाकाचे पाच बोल्ट त्याच साडेचार इंची वर्तुळावर, म्हणजे माझीच चाकं बसणार. सी-क्लिप त्यातही आहे, हे तुम्ही लपवलं नाहीत.

जानेवारीतल्या त्या तीन शनिवारांबद्दल मात्र आभार मानावेत की माफी मागावी, कळत नाही. बर्फात, माकडटोपी आणि काकूंनी विणलेला मफलर घालून तुम्ही माझ्याबरोबर जंकयार्ड पालथी घातलीत. तुम्ही त्याला जुना बाजारच म्हणायचात. एक्सप्लोररच्या मागे वाकायचं, तारेच्या ब्रशने डिफरन्शियलच्या कव्हरवरची पत्र्याची चिठ्ठी घासायची आणि वाचायची. पहिल्या दोन शनिवारी सगळीकडे "३एल७३". म्हणजे गुणोत्तर ३.७३, मधला एल म्हणजे लिमिटेड स्लिप, एक चाक घसरलं तरी दुसऱ्याला जोर देणारं. माझे हात बधिर झालेले, मी म्हणत होते घेऊन टाकू. तुम्ही म्हणालात, मोठ्या टायरवर आधीचाच जोर हवा तर ३.५५ ला तेहतीसने गुण आणि सव्वाअठ्ठावीसने भाग. ४.१५. "चारदहा मिळेपर्यंत यायचं." तिसऱ्या शनिवारी एका हिरव्या एक्सप्लोररखाली "४एल१०" निघालं. तुम्ही एक चाक हाताने फिरवून पाहिलंत. दुसरं सहज उलटं फिरलं, म्हणजे आतल्या क्लच प्लेटा झिजलेल्या. "बरं झालं," तुम्ही म्हणालात, "त्या नाहीतरी बदलायच्याच होत्या, आता भाव पाडून माग." काउंटरवरच्या माणसाशी तुम्ही ज्या शांतपणे घासाघीस केलीत ती बघून मला लक्ष्मी रोड आठवला.

पुढच्या एक्सलमध्ये, डेना ३० मध्येही चारदहाचे गियर घालावे लागणार, त्याला वेगळा कॅरियरही (गियर धरणारा आतला भाग) लागणार, कारण ३.७३ पासून वरच्या गियरना तो निराळाच असतो, हे तुम्ही आधीच सांगितलं होतंत. मी कानाआड केलं होतं. पुढचं काम मागच्या अख्ख्या एक्सलपेक्षा महाग पडलं.

वेल्डिंगची रात्र. फोर्डच्या या एक्सलमध्ये दोन्ही नळ्या मधल्या ओतीव भागात दाबून बसवलेल्या असतात आणि भोकांतून वेल्ड करून पकडलेल्या. जास्त जोर आला तर नळी आत फिरू शकते. म्हणून जोडावर गोल वेल्ड मारायचा. माझा मित्र एका दमात फिरवायला निघाला होता. तुम्ही गॅरेजमधल्या घडीच्या खुर्चीतून हात वर केलात. आधी गॅसच्या ज्योतीने ओतीव भाग गरम, मग इंचभर वेल्ड इकडे, इंचभर समोरच्या बाजूला, मग थांबा. शेवटी वेल्डिंगचं ब्लँकेट चारी बाजूंनी खोचून घेतलंत, विरजण लावून पातेलं गुंडाळावं तसं, आणि सकाळपर्यंत कुणी उघडायचं नाही म्हणून बजावलंत. पटकन थंड झालं तर ओतीव लोखंड तडकतं, हे मित्राला इंग्रजीत समजावताना विरजणाला शब्द सापडेना, तेव्हा तुम्ही हातवारे केलेत. त्याला कळलं.

पाट्यांच्या, म्हणजे पट्ट्यांच्या स्प्रिंगांच्या, बैठका वेल्ड करताना मी पुन्हा घाई केली आणि तुम्ही पुन्हा थांबवलंत. गाडी जॅकवर असताना कोन बघायचा नाही. एक्सल पाट्यांखाली सैल ठेवायचा, चाकं लावायची, गाडीचं सगळं वजन त्यावर टेकवायचं, मग पिनियनचा (एक्सलच्या तोंडाशी असलेल्या दातेरी दांड्याचा) कोन प्रोपेलर शाफ्टशी जुळवायचा, मग चिमूटभर टाका, परत मोजणी, आणि मगच पक्का वेल्ड. तुमच्या हातातला कोनमापक लेकीच्या शाळेच्या कंपासपेटीतला होता, दोरा आणि नट बांधलेला. माझा डिजिटल मीटर अर्ध्या अंशाने चुकत होता. ते शोधायला मला आठवडा लागला.

हँडब्रेकच्या केबलींनी काय छळलं ते सांगत नाही. तो शनिवार तुम्हीही विसरा.

आता ताजी खबर. गेल्या महिन्यात आम्ही पुन्हा ड्रमंडला गेलो. त्याच पायऱ्या, तीच फट. मागचा एक्सल हूं की चूं न करता वर चढला. मग तिसऱ्या पायरीवर, स्टिअरिंग पूर्ण डावीकडे कापलेलं असताना, पुढून कट्कन आवाज आला. पुढच्या डाव्या शाफ्टचा क्रॉस, म्हणजे वळणारा सांधा. तुम्ही निघताना म्हणाला होतात ना, "आता पुढचा बोलेल, क्रॉस बसवलेला एक तयार शाफ्ट डिकीत टाकून ठेव," तो होता. चाक काढलं, हबचे तीन बोल्ट, जुना शाफ्ट बाहेर, नवा आत. दीड तास लागला, तुमच्या अर्ध्या तासाच्या तिप्पट, कारण एक बोल्ट गंजलेला होता आणि मला डास चावत होते. पण गाडी स्वतःच्या चाकांवर फेरीत चढली, आणि मी मॅकिनॉ पुलावरून गाणी म्हणत घरी आले.

तुटलेला क्रॉस काकूंच्या त्या स्टीलच्या डब्यात घालून ठेवलाय, जो मी अजून परत केलेला नाही. डिसेंबरात पुण्याला येतेय, तेव्हा दोन्ही घेऊन येते. भिंग काढून ठेवा. मला वाटतं यातही एक जुनी कोर आहे, पण तुम्ही बघितल्याशिवाय मी काही बोलणार नाही.

काकूंना सा. न.

तुमची,
कोपऱ्यावरची जीपवाली