दारू सोडतानाही माणूस दगावतो, साहेब

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

स.न.वि.वि.

तासगावात माझं औषधांचं दुकान आहे. गर्दी ओसरली की एखादी बाई काउंटरच्या कडेला येते आणि आवाज खाली करून विचारते, "दादा, दारू सुटायची गोळी हाय का? भाजीत घालून दिली तर कळायची न्हाई अशी?"

तिला हवी असते ती डायसल्फिरामची गोळी. या गोळीने तलफ मरत नाही. दारू शरीरात मोडताना ॲसिटाल्डिहाइड तयार होतं, ते ही गोळी पुढे मोडू देत नाही. मग घोटभर दारूनेही तोंड लालबुंद होतं, उलट्या होतात, छाती धडधडते, रक्तदाब उतरतो. डॉक्टरांच्या देखरेखीखाली समजून-उमजून घेणाऱ्याला तिचा उपयोग होतो. पण हृदयाचं दुखणं असलेल्या माणसाला भाजीतून चोरून दिली, तर जिवावर बेतू शकतं. मी नाही म्हणतो. ती बाई जाते आणि दुसरा मार्ग धरते, शपथेचा. देवळात नेऊन, पोराच्या डोक्यावर हात ठेवायला लावून, नाहीतर माळ घालायला लावून. शपथेला माझा विरोध नाही. माळ घातल्यावर कायमची सुटलेली माणसं आमच्याकडे गावोगाव आहेत.

पण सकाळी हात थरथरतात म्हणून चहाच्या आधी घोट घेणाऱ्याची गोष्ट वेगळी. दारू मेंदूला रोज दाबून ठेवते, आणि मेंदू तो दाब झुगारायला रोज जास्त जोर लावतो. उसाने भरलेली ट्रॉली ओढणाऱ्या ट्रॅक्टरची पिन चढावर निसटली तर ट्रॅक्टर कसा उसळेल, तसं होतं. दारू तोडल्यावर पहिल्या दिवशी कापरं भरतं, घाम फुटतो, झोप उडते. पहिल्या ४८ तासांत फिट येऊ शकते. दोन ते चार दिवसांत काहींना भ्रम होतो: भिंतीवर किडे दिसतात, अंथरुणावरच्या नसलेल्या मुंग्या ते झटकत बसतात, घरच्यांना ओळखत नाहीत, अंगात ताप असतो. याला डिलिरियम ट्रेमेन्स म्हणतात. उपचार झाले नाहीत तर माणूस यात जातो. गावात मात्र "बाहेरचं झालंय" म्हणतात आणि देवऋष्याकडे नेतात.

गावाला काय बोल लावायचा? माझ्या ओळखीचे एक बागाईतदार मोटारसायकलवरून पडले, पाय मोडला, एका दवाखान्यात दाखल झाले. शुगर विचारली, बीपी विचारलं. दारू किती आणि शेवटची कधी घेतली, हे कुणीच विचारलं नाही. तिसऱ्या रात्री त्यांनी सलाईन उपसून काढली, मोडक्या पायावर उभे राहायला लागले. गॉजच्या पट्टीने त्यांचे हात खाटेला बांधले. भावाने उशीखाली अंगारा ठेवला. पुढे मिरजेला हलवल्यावर पहिला प्रश्न दारूचा झाला आणि योग्य औषध सुरू झालं. ते वाचले. तो प्रश्न तासगावातच विचारता आला असता.

सलाईनचंही सांगतो, कारण आमच्याकडे अशक्तपणा म्हटला की सलाईन लावतातच. रोज पिणाऱ्याचं जेवण तुटलेलं असतं, शरीरात बी-१ जीवनसत्त्व, म्हणजे थायमिन, संपत आलेलं असतं. त्यात थायमिन न देता नुसतं ग्लुकोज चढवलं तर उरलंसुरलं थायमिनही त्यात खर्ची पडतं आणि मेंदूला कायमची इजा होऊ शकते. डोळे नीट फिरत नाहीत, चालताना तोल जातो, स्मृती जाते. हे टाळणारं थायमिनचं इंजेक्शन महागडं औषध नव्हे.

यकृताचं लोकांना थोडंफार माहीत असतं. चरबी साठण्याच्या टप्प्यावर थांबलं तर ते बहुतेकदा सावरतं. सिरोसिस झाल्यावर, म्हणजे यकृत निबर होऊन आकसल्यावर, पोटात पाणी होतं, रक्ताची उलटी होते, आणि मग सोडूनही सगळं परत येत नाही. दारू हे कर्करोगाचं कारण असल्याचं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने १९८८ सालीच नोंदवलं. हे मात्र माझ्या गिऱ्हाइकांपैकी क्वचितच कुणाला ठाऊक असतं. आणि "मी फक्त बिअर घेतो" म्हणणाऱ्यांसाठी हिशेब: ८ टक्क्यांच्या ६५० मिलीच्या बाटलीत ५२ मिली शुद्ध अल्कोहोल असतं, म्हणजे व्हिस्कीचे ६० मिलीचे दोन पेग. हे ऐकून कुणी बिअर सोडल्याचं माझ्या पाहण्यात नाही, तो भाग निराळा.

उत्पादन शुल्क खातं आपल्याकडे नाही, त्यामुळे दुकानं बंद करा असं आपल्याला म्हणत नाही. आपल्या अखत्यारीतलं मागतो. प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात थायमिनची इंजेक्शनं आणि दारू तोडल्यावरचं कापरं, फिट आवरणारं क्लोरडायझेपॉक्साइड किंवा लोराझेपाम बारा महिने शिल्लक असावं. या गोळ्या चिठ्ठीशिवाय मला देता येत नाहीत, आणि ते बरोबरच आहे; म्हणूनच चिठ्ठी लिहून देणारा, त्याचं प्रशिक्षण झालेला डॉक्टर तालुक्यात हवा. केसपेपरवर "शेवटची दारू कधी?" ही ओळ छापून घ्यावी, मग पेशंट पाय मोडून आलेला असो की पोट दुखतं म्हणून. व्यसनमुक्तीच्या शपथांचे कार्यक्रम होतात, तिथे शपथ घेणाऱ्याची आधी तपासणी व्हावी. साताऱ्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी उभं केलेलं 'परिवर्तन', पुण्यातलं 'मुक्तांगण' अशा संस्थांकडे या कामाचा मोठा अनुभव आहे. आपल्या डॉक्टर-नर्सना तिथे शिकायला पाठवता येईल.

तोवर १४४४६ हा व्यसनमुक्तीचा आणि १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी फोनसेवेचा, नंबर मी काउंटरच्या काचेवर चिकटवला आहे. हेच दोन्ही नंबर प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्राच्या दारावर, मराठीत आणि लांबून वाचता येईल एवढ्या अक्षरात लावायला आपला एक आदेश पुरेसा आहे.

कळावे,
आपला,
एक औषधविक्रेता
तासगाव, जि. सांगली