काका, त्या खडूबद्दल थँक यू

काका, फोनवर नीट बोलताच आलं नाही. तुम्ही "अरे पुरे आता, जेवायला बसतोय" म्हणून ठेवून दिलात, म्हणून इथे लिहितोय, चार लोकांनी वाचलं तर वाचू दे.

चाकणला आमचं छोटं पॅकिंग क्रेटचं युनिट, गांधीधामहून न्यूझीलंड पाईनचा कापलेला ओला माल येतो, तो आमच्याच चेंबरमध्ये सुकवतो. सहा महिने एकच रडगाणं, एकाच लोडमधल्या काही फळ्या पापडासारख्या वाकड्या, काही आतून ओल्याच, आणि कस्टमरकडे क्रेट उघडलं की बुरशी. चेंबरवाल्यांचा इंजिनिअर दोनदा आला, व्हिजिटचे पैसे घेतले, बूट खराब होतील म्हणून थप्पीपर्यंत गेलासुद्धा नाही, दोन दिवस जास्त चालवा म्हणाला. चालवलं. वाकणाऱ्या आणखी वाकल्या. आणि मी सगळा राग चेंबरवर बसणाऱ्या पोरावर काढत होतो, रात्री झोपतोस म्हणून.

तुम्ही चेंबरकडे बघितलंच नाही. एकाच मापाच्या दोन ओल्या फळ्यांची टोकं मला उचलायला लावलीत. एक पटकन वर आली, दुसरीनं खांदा ओढला. काट्यावर टाकल्या तर एक चार किलोच्या आत, दुसरी सहाच्या वर! एक गाभ्याची, एक सालीकडची. गाभ्यात पाणी ४०-४५ टक्के, सालीकडच्या लाकडात शंभरच्या कितीतरी वर (शंभरच्या वर टक्के कसे म्हणून मी हसलो, तर तुम्ही शांतपणे सांगितलंत, हा हिशोब सुक्या लाकडाच्या वजनावर असतो). या दोघींना एकाच पंगतीला बसवलं तर एकीला अजीर्ण, दुसरी उपाशी. आणि लाकडातला ओलावा मोजायचं आमचं सुयांचं मीटर ३० टक्क्यांच्या वर भरवशाचं नसतं हे ते विकणाऱ्यानंही कधी सांगितलं नव्हतं.

पण मला लिहायचंय खडूचं. तुम्ही खिशातून खडू काढलात, मी हात पुढे केला, तुम्ही तो त्या पोराला दिलात. "तू उचल, तूच सांग जड का हलकी. आणि ऐक, तुझी काही चूक नव्हती." सगळ्यांसमोर. ओडिशाचा पोरगा, मराठी अर्धंच कळतं, पण एवढं कळलं त्याला. मान खाली घालून फुल्या मारत राहिला, दोन दिवस माझ्याकडे बघितलं नाही. मीही नाही. मग एकदा चहा घेऊन गेलो आणि सॉरी म्हणालो, जमलं तसं.

तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून आमच्यासारख्यांचे धंदे टिकतात हो, नाहीतर बिल फाडणारे पैशाला पासरी.

आता जड-हलक्याच्या थप्प्या वेगळ्या, लोड वेगळे. फुल्या तोच मारतो, मला हात लावू देत नाही.

काकूंना सांगा, पाणी किती ते काढायला त्यांच्या ओव्हनमध्ये तुम्ही आमच्या फळ्यांचे तुकडे सुकवलेत, केकला अजून टर्पेंटाईनचा वास येतो म्हणे. रविवारी येतोय, नवा ओव्हन घेऊन.