वायुमेघांच्या अंतराचे दोन आकडे छापा

संपादक महोदय,

आकाशगंगेच्या प्रभामंडलातील (तिच्या तबकडीभोवतीच्या विरळ वेढ्यातील) वेगवान वायुमेघांविषयीच्या बातम्यांत अंतर बहुधा एकाच आकड्यात उरकलेले असते. मूळ मापन मात्र ‘याच्या पलीकडे, त्याच्या अलीकडे’ अशा स्वरूपाचे असते आणि ही दोन टोके सारख्या भरवशाची नसतात.

हे मेघ १९६३ साली मुलर, ऊर्ट आणि रेमंड यांनी नेदरलँड्समधील ड्विंगलोच्या रेडिओ दुर्बिणीने, हायड्रोजनच्या २१ सेंटिमीटर लहरींवर पकडले. त्या लहरींतून वेग कळतो, अंतर नाही. आकाशगंगेच्या तबकडीतल्या वायूचे अंतर त्याच्या वेगावरून काढता येते, कारण तो ठरावीक गतीने फिरतो. या मेघांना तो हिशेब लागू पडत नाही. म्हणून ताऱ्यांचा आधार घ्यावा लागतो.

मेघाच्या दिशेने कमी-जास्त अंतरांवरचे निळे तारे निवडतात आणि प्रत्येकाच्या वर्णपटात आयनित कॅल्शियमची ३९३३.६६ अँगस्ट्रॉमची (अँगस्ट्रॉम म्हणजे सेंटिमीटरचा दहा कोटीवा भाग) ‘के’ रेषा, म्हणजे वाटेतल्या वायूने प्रकाश शोषल्याने उमटणारी काळी रेषा, तपासतात. मेघ सेकंदाला १५० किलोमीटर वेगाने आपल्याकडे येत असेल, तर त्याची रेषा सुमारे २ अँगस्ट्रॉम निळ्या बाजूला, ३९३१.७ जवळ सापडायला हवी. सापडली की तारा मेघामागे. म्हणजे मेघ त्या ताऱ्याच्या अलीकडेच; अंतराची कमाल मर्यादा पक्की. फक्त ताऱ्याची स्वतःची कॅल्शियम रेषा नेमकी तिथेच बसलेली नसावी, म्हणून मेघाहून निराळ्या वेगाचा तारा घ्यायचा.

खरी गोची किमान मर्यादेची. रेषा दिसली नाही म्हणून तारा मेघाच्या पुढे, असे लगेच म्हणता येत नाही. अमेरिकेतील ग्रीन बँकची १०० मीटरची रेडिओ दुर्बीणसुद्धा आकाशाच्या सुमारे ९ आर्कमिनिटांच्या (आर्कमिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग) तुकड्याची सरासरी दाखवते. ताऱ्याचा प्रकाश मात्र सुईच्या अग्राएवढ्या वाटेने येतो. नेमका तिथेच मेघ विरळ असला, किंवा कॅल्शियम धूलिकणांत अडकलेले असले, तर मागच्या ताऱ्यातही रेषा उमटणार नाही. त्यामुळे रेषा किती ठळक यायला हवी होती हे त्याच मेघामागच्या दुसऱ्या ताऱ्यावरून आधी काढतात. वर्णपटातला गोंगाट त्याहून बराच कमी असेल तरच ‘नाही’ हे उत्तर धरायचे. गोंगाटात बुडालेले ‘नाही’ सरळ बाजूला टाकावे.

शिवाय ताऱ्याचे स्वतःचे अंतर बरोबर हवे. १० किलोपार्सेकवर (एक किलोपार्सेक म्हणजे सुमारे ३,२६० प्रकाशवर्षे) पराशय, म्हणजे पृथ्वी सूर्याभोवती फिरताना दिसणारे ताऱ्याचे सरकणे, जेमतेम ०.१ मिलिआर्कसेकंद भरतो. अंधुक ताऱ्यांसाठी पराशय मोजणाऱ्या ‘गाया’ उपग्रहाच्या मोजमापांतली त्रुटीही जवळपास तेवढीच. मग तेजस्वितेवरून अंतर काढतात. दृश्य प्रत (दिसणाऱ्या तेजाचे माप; आकडा मोठा तितका तारा मंद) १५ आणि निरपेक्ष प्रत (खऱ्या तेजाचे माप) ०.६ असलेला क्षैतिज शाखेतला (गाभ्यात हेलियम जाळणारा, वयस्क) निळा तारा ७.६ किलोपार्सेकवर येतो. पण तो ‘ब्लू स्ट्रॅग्लर’ या वेगळ्या जातीचा निघाला, म्हणजे दोन प्रतींनी मंद, तर अंतर अवघे ३ किलोपार्सेक! रंग दोघांचा सारखाच. फरक ओळखायचा तो हायड्रोजनच्या बामर रेषांच्या रुंदीवरून.

सप्तर्षीतील ‘एडी’ नावाच्या, आरआर लायरी जातीच्या चलताऱ्यात (तेज नियमाने कमी-जास्त होणाऱ्या ताऱ्यात) ‘ए’ मेघमालिकेची रेषा सापडली आणि १९९९ मध्ये तिचे अंतर ४ ते १० किलोपार्सेक, म्हणजे सुमारे १३ ते ३३ हजार प्रकाशवर्षे ठरले. मेघाचे वस्तुमान अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. या दोन टोकांत ते सव्वासहा पटींनी वेगळे निघते, आणि बातमीत एकच आकडा छापला की वाचकाला त्याचा पत्ताच लागत नाही.

आपला,
वर्णपटांचा एक अभ्यासक