दोष लिनक्सच्याच माथी का?

महोदय,

लिनक्स या विंडोजऐवजी वापरता येणाऱ्या मोफत ऑपरेटिंग सिस्टिमवरचा कालचा लेख वाचला. सामान्य माणसाला ते झेपत नाही, हा लेखकमहाशयांचा निष्कर्ष थोर आहे. नौपाड्यातल्या आमच्या सोसायटीचा मी खजिनदार, म्हणजे पुरेसा सामान्य. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला आणि आमचा जुना कॉम्प्युटर विंडोज ११ च्या अटींत बसेना. नवा घ्यायला कमिटी एका पायावर तयार, वर्गणी काढायला कोणी नाही. भाच्याने त्यावर लिनक्स मिंट टाकून दिलं. मेंटेनन्सची बिलं, पावत्या, सभेची इतिवृत्तं, सगळं लिब्रेऑफिस या मोफत ऑफिस-सॉफ्टवेअरात बिनबोभाट चाललंय. चेअरमनबाईंना तर बदल मी सांगेपर्यंत कळलाही नव्हता.

अडलं ते डिजिटल सहीपाशी. सही ज्यात साठवलेली असते त्या यूएसबी टोकनचा लिनक्ससाठीचा ड्रायव्हर (कॉम्प्युटरला ते ओळखायला लावणारं सॉफ्टवेअर) मिळाला, टोकन ओळखलंही गेलं. पण सरकारी पोर्टलवर सही उमटवणारं सॉफ्टवेअर फक्त विंडोजचं! मदतकक्षाला फोन केला, तर बाई अत्यंत नम्रपणे म्हणाल्या, “लिनक्स म्हणजे मोबाइलवरून करताय का सर?” (अँड्रॉइडच्या पोटात लिनक्सच असतं, पण ते असो.) लेखी तक्रार केली, तीवर ‘निराकरण झाले’ असा शेरा पडला. शेवटी टोकन खिशात घालून स्टेशनजवळच्या सायबर कॅफेत गेलो आणि परक्या माणसाच्या कॉम्प्युटरवर सोसायटीचा पिन टाकून सही केली. ओटीपी कुणाला सांगू नका म्हणून रोज बजावणाऱ्यांना यात काहीच वावगं वाटत नाही.

सरकारी कामात ओपन सोर्सला, म्हणजे लिनक्ससारख्या खुल्या कोडच्या सॉफ्टवेअरला, पसंती द्यायची, हे केंद्राचं धोरण २०१५ चं. सी-डॅक या केंद्राच्याच संगणक संशोधन संस्थेने ‘बॉस’ नावाची देशी लिनक्सही बनवली. केरळातल्या सरकारी शाळांतली पोरं लिनक्सवर शिकतात. पोरांना जमतं ते पोर्टलवाल्यांना का जमू नये, यावर लेखात एक ओळ नाही. लॅपटॉप दुकानातूनच विंडोज घेऊन येतो, यावरही नाही.

जाता जाता : शेअर सर्टिफिकेट हरवल्याची आमची नोटीस आपल्याच जाहिरात विभागाने परत पाठवली. युनिकोड (मोबाइल-कॉम्प्युटरवर सगळीकडे चालणारी मराठी अक्षरं) चालत नाही, जुन्या फॉन्टमध्ये टाइप करून आणा म्हणे. ते टाइप करायचं सॉफ्टवेअर अर्थातच विंडोजवर चालणारं. नोटीस अजून छापून आलेली नाही. पैसे मात्र आगाऊ घेतलेत.

– एक खजिनदार, नौपाडा, ठाणे (प.)